एरियलवाला कुशाबा

कुशाबा ढमाले मला पहिल्यांदा दिसला तो पौडच्या आमच्या कचेरीमागे, उकिडवा बसून बांबू निवडताना. सत्तावन्न सालचा पावसाळा नुकताच सरला होता. मुळशी पेट्यात, म्हणजे तेव्हाच्या छोट्या तालुक्यात, समाजशिक्षणाच्या कामावर माझी नेमणूक होऊन जेमतेम महिना झाला होता. गावोगाव सरकारी रेडिओ पोचवायचे, ते ऐकायला शेतकऱ्यांचं मंडळ उभं करायचं आणि मंडळ खरंच जमतं की नाही ते बघत हिंडायचं, असं ते काम. रेडिओ होते, त्यांच्या जड बॅटऱ्या होत्या, पण डोंगरांच्या आडोशाला नुसत्या रेडिओतून खरखरीशिवाय काही निघत नसे. पुण्याचा आवाज धरायला बाहेर उंचावर तार ताणावी लागे. त्या तारेला सगळे एरियल म्हणत. ती ताणायला पुण्याहून आलेल्या मेकॅनिकला खांब उभे करणारा माणूस हवा होता, आणि कोणीतरी कुशाबाचं नाव सांगितलं होतं.

वय पस्तिशीचं, अंगानं सडपातळ, आणि बोलणं इतकं कमी की मेकॅनिकला वाटलं याला ऐकू येत नसावं. बांबूच्या पेरांवर बोटाचं हाड आपटून तो आवाज ऐकत होता. चाळीसातले सहा त्यानं बाजूला काढले. बाकीचे का नकोत म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, चांदण्या पंधरवड्यात तोडलेत, आतून पोखरणार.

मेकॅनिक चार गावं त्याला बरोबर घेऊन फिरला आणि पाचव्या गावापासून कुशाबा एकटाच एरियल लावायला लागला. लिहिता-वाचता त्याला सहीपुरतंच येई. पण मेकॅनिकनं सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यानं मनात पक्की केली होती. पुणं उगवतीला, म्हणून तार दक्षिणोत्तर ताणायची. दोन्ही टोकांना चिनी मातीची पांढरी अंडी बांधायची, म्हणजे आवाज खांबात उतरून जात नाही. जमिनीत तांब्याची सळई पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि उन्हाळ्यात तिथं तांब्याभर पाणी ओतत राहायचं. घरात तार शिरते तिथं एक खटका बसवायचा. आभाळ भरून आलं की तो पाडायचा, म्हणजे वीज तारेवर उतरली तरी सरळ जमिनीत जाते.

हे झालं मेकॅनिकचं. जागा निवडायची रीत मात्र त्याची स्वतःची होती. गावात गेला की पहिला अर्धा दिवस तो काहीच करत नसे. देवळाच्या नाहीतर शाळेच्या पायरीवर बसून राही. वारा कुठून घुसतो, पेंढ्याच्या गाड्या कुठून जातात, जनावरं अंग कुठं घासतात, हे सगळं बघून मग एका जागेवर टाच रोवून म्हणे, "हितं." लोकांना घाई असे. कोणी म्हणे देवळाच्या कळसालाच बांध, कोणी म्हणे आंब्याला बांध, खांब कशाला पाहिजे. झाड हलतं आणि तार तुटते, एवढंच तो सांगे. खांब उभा करायला तिघं लागत: एक बुंध्याशी, दोघे दोरांवर. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवसावर जाई. आणि खांब जेवढा उंच तेवढी भोवतालची जागा मोकळी पाहिजे, वर आणखी निम्मी. खांब पडला तर तो कशावर पडेल हे आधी बघायचं, हा त्याचा हट्ट होता.

साठ सालच्या वैशाखात पलीकडच्या खोऱ्यातल्या एका शाळेच्या खांबावर वीज पडली. बांबू शेंड्यापासून मधोमध चिरत खाली आला, पण मास्तरांनी खटका पाडलेला होता. रेडिओ शाबूत राहिला आणि भिंतीला टेकून बसलेल्या माणसांना काही झालं नाही. तेव्हापासून पेट्यात त्याला एरियलवाला कुशाबा म्हणू लागले. हे नाव ऐकलं की तो खाली बघून हसायचा. तो हसलेला मी पाहिला तो बहुतेक तेव्हाच.

त्याच्याबरोबर पायी हिंडताना त्याची हकीकत तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. आईबाप एकाच साथीत गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. थोरली बहीण गोजराबाई तेव्हा नुकती सासरी गेली होती, कोळवणच्या खोऱ्यात उंबरवाडीला. तिचा नवरा भैरू स्वतः येऊन त्याला खांद्यावर बसवून घेऊन गेला. तिथंच तो वाढला. भैरूनंच त्याच्या हाती औत दिलं, पोहायला शिकवलं, वडिलांची जमीन भावकीच्या घशात जाऊ नये म्हणून पौडला खेटे घातले, आणि मोठा झाल्यावर त्याला पौडजवळच्या वडिलांच्या घरी नेऊन बसवलं. लग्नही त्यानंच लावून दिलं. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. कुशाबानं पुन्हा लग्न केलं नाही. आपलं म्हणायला त्याला आक्का आणि दाजी, एवढीच दोन माणसं होती.

त्रेसष्ट साली कोळवणच्या खोऱ्यात लाइट यायची झाली. उन्हाळ्यात खांब रोवले गेले, पावसाळ्याआधी तारा ओढल्या गेल्या आणि मग काम थांबलं. पाच महिने त्या तारा नुसत्याच लोंबत होत्या. चिमण्या बसायच्या. बायका खांबाच्या ताणाच्या तारेला धुणं वाळत घालायच्या. त्या तारांत काही असतं हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

त्याच सुमारास मी पुण्याहून लोखंडी नळांचे खांब मागवले. तीन तुकडे एकमेकांत फिरवून बसवायचे की वीस हातांचा खांब तयार. बांबू आमच्याकडच्या पावसात दोन वर्षांत कुजत, दरसाल नवे शोधावे लागत, म्हणून हे मी केलं. कुशाबानं नळ हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "साहेब, बांबूच बरा हुता." मी कारण विचारलं. तो म्हणाला, बांबू सुका असला तर चुकलेल्या माणसाला एक वेळ सोडतो, हे लोखंड सोडायचं नाही. मला ते जुन्या सवयीचं बोलणं वाटलं. मी म्हटलं, तू चुकणार नाहीस, मग काय.

कार्तिकात, भातं कापून खळ्यांवर आली होती तेव्हा, आम्ही उंबरवाडीला गेलो. तिथला रेडिओ चावडीतून हलवायचा होता. भैरू पंच होता आणि ऐकणाऱ्या मंडळाचा प्रमुखही. त्याला रेडिओ मारुतीच्या देवळात हवा होता, कारण संध्याकाळी माणसं तिथंच बसत. कुशाबा नेहमीप्रमाणे पायरीवर बसला. पण या वेळी अर्धा दिवस लागला नाही. देवळासमोरून लाइटची तार गेली होती, पायरीपासून दहा हातांच्या अंतरावरून. तो उठून म्हणाला, हितं व्हायचं न्हाई, शाळेमागं लावू.

शाळा वाडीच्या पार टोकाला होती. भैरू म्हणाला, तिथं कुत्रंही जाऊन बसायचं नाही. कुशाबानं सांगितलं की खांब वीस हात आणि तार दहा हातांवर आहे. भैरू हसला.

"त्या तारंत हाय काय? पाच म्हयनं झालं, माझ्या म्हशी त्या खांबाला अंग घासत्यात."

"आज न्हाई, दाजी. उद्या असंल."

"उद्याचं उद्या. आज उभा कर."

"मी न्हाई करायचा."

देवळात वीस-पंचवीस माणसं होती. त्यांच्यासमोर मेव्हण्यानं नाही म्हणावं हे भैरूला लागलं. तो दुष्ट माणूस नव्हता, मी त्याला सहा वर्षं ओळखत होतो. पण त्या वेळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या भाकरीवर वाढलास, आन आता मलाच शिकवतुयास व्हय?"

कुशाबाचा चेहरा उतरला. मी मध्ये पडायला हवं होतं. काम सरकारी होतं, नळ सरकारी होते. नाही म्हणायचा अधिकार माझा होता. पण गावच्या पंचाला दुखवायला मी धजलो नाही. दोन दिवसांनी बघू, तोवर दोघांनी विचार करा, असं काहीतरी गुळमुळीत बोलून मी निघालो. नळ देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले होते. मी कुशाबाला म्हटलं, हे परत नेऊ या. काम संपल्यावर वीतभर दोरही मागं न ठेवणारा माणूस तो, पण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्यास्नी पायजेत न्हवं." आणि चालू लागला. घरात बहीण भाकरी थापून वाट बघत होती. तिलाही न भेटता तो निघाला.

हे झालं गुरुवारी. शनिवारी पौडच्या चहाच्या दुकानात लाइटच्या कामावरचा वायरमन नथू त्याला भेटला. बोलता बोलता नथूनं सांगितलं की मंगळवारी सकाळी कोळवणच्या तारांत करंट सोडणार आहेत, उद्या संध्याकाळी दवंडी होईल. कुशाबा चहा टाकून उठला आणि उंबरवाडीच्या वाटेला लागला. अडीच कोस चालून नदीपर्यंत गेला. पलीकडे वाडी दिसत होती. तिथं त्याला ते भाकरीचं बोलणं पुन्हा आठवलं. आपण दारात गेलो की दाजींना वाटणार, माफी मागायला आला. थोडा वेळ तो पाण्यात पाय सोडून बसला. दवंडी होणारच आहे, कळेल त्यांना, असं मनाशी म्हणाला आणि मागं फिरला.

दवंडी झाली. रविवारी संध्याकाळी कोतवालानं साऱ्या वाडीतून फिरून सांगितलं. पण झोडपणीचे दिवस होते. भैरू आणि त्याचे दोन शेजारी शनिवारपासून रानात, खळ्यावरच राहायला होते. मंगळवारी सकाळी तिघे तिथूनच परस्पर देवळाशी आले. संध्याकाळी रब्बीच्या पेरणीचा कार्यक्रम लागणार होता, तोवर रेडिओ सुरू करून दाखवायचा, असं भैरूच्या मनात होतं. वाडीतली माणसं खळ्यांवर होती, देवळाशी अडवायला दुसरं कोणी नव्हतं. त्यानं नळ एकमेकांत बसवले. शेजाऱ्यांना दोर धरायला लावले आणि बुंध्याशी तो स्वतः उभा राहिला. खांब उभा करायची पद्धत त्यानं कुशाबाची बघितलेली होती, अगदी तशीच केली. खांब निम्म्याहून वर गेला आणि तारेच्या बाजूला कलला.

दोरांवरचे दोघे वाचले. दोर काथ्याचे आणि कोरडे होते.

मला निरोप पोचला तेव्हा दुपार झाली होती. कुशाबाला मीच सांगितलं. देवळासमोर भैरूला घोंगडीवर ठेवलं होतं. गोजराबाई त्याच्या उशाशी बसली होती आणि त्याचे दोन्ही तळहात आपल्या पदरानं झाकून धरले होते, कोणाला दिसू नयेत म्हणून. कुशाबा तिच्यासमोर जाऊन बसला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू नगं म्हनला हुतास रं." एवढंच म्हणाली आणि मग रडायला लागली.

दहन झाल्यावर संध्याकाळी नदीवर हात-पाय धुताना त्यानं मला शनिवारची गोष्ट सांगितली. एका सुरात सांगितली, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावी तशी. मी हादरलो, आणि हादरल्यावर माणूस जे बोलतो तेच बोललो. म्हटलं, यात तुझा काही दोष नाही. दवंडी झाली होती. हे कोणाला सांगू नकोस, तुझ्या बहिणीला तर नकोच. तो मान हलवत राहिला. त्याला धीर द्यावा म्हणूनच मी बोललो, असं तेव्हा मला वाटलं. आता वाटतं, नळ मी मागवले होते आणि ते माघारी न्यायचं मी राहू दिलं होतं. कोणाचाच दोष नाही असं ठरलं तर मलाही ते हवं होतं.

चौकशी झाली. परवानगीवाचून खांब उभारल्यामुळे अपघात, असा कागद झाला आणि विषय मिटला.

कुशाबा मात्र त्या दिवसापासून बदलला. पेट्यात त्यानं लावलेले एकोणतीस खांब होते. जिथं जिथं लाइटच्या तारा येत तिथं तो आधी जाऊन पोचे. खांब जवळ पडत असेल तर उतरवून लांब नेऊन लावी. लोखंडी नळ त्यानं एकही पुन्हा उभा केला नाही, आणि मीही उभा कर म्हटलं नाही. गावागावातून त्याचं कौतुक होई. कुशाबानं आधीच सांगितलं होतं, सख्ख्या दाजीला सांगितलं होतं, ऐकलं नाही म्हणून गेला, असं लोक त्याच्यासमोर बोलत. तो उठून दुसरीकडे जाई.

गोजराबाईला मूलबाळ नव्हतं. तिची शेती तोच बघू लागला. नांगरणी, चिखलणी, लावणी, झोडपणी. आपलं रान मागं ठेवून तिचं आधी करी. तिला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तीही तसं चारचौघात बोलून दाखवी.

सहासष्टच्या दिवाळीत भाऊबीजेला तो उंबरवाडीला गेला. गोजराबाईनं पाट मांडला, त्याला ओवाळलं, आणि ताट खाली ठेवता ठेवता म्हणाली की तुझं ऐकलं असतं तर आज ते असते. तू तुझ्याकडनं काही कमी केलं नाहीस. त्यानं कपाळाला लावलेल्या कुंकवाला हात लावला आणि तिला सगळं सांगून टाकलं. हे मला त्यानं दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे.

मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"कुटवर आला हुतास?"

"नदीपातुर."

"नदीवरनं आपलं घर दिसतं, कुशा."

"व्हय आक्का. दिसत हुतं. तू अंगणात हुतीस."

तिनं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत येऊन दारात उभी राहून म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस? तीन वर्सं तुझ्याकडं बघून काढली मी." आणि थोड्या वेळानं, "शेत कसायचं तर कस. घरात येऊ नगंस."

मी त्याला विचारलं, का सांगितलंस. तो म्हणाला, ती ओवाळत होती आणि मला सहन होईना. मी रागावलो. आपण सांगू नको म्हटलं होतं याचा राग, की मला जमलं नसतं ते त्यानं केलं याचा, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी बघत होतो. आषाढात तो पहाटे निघून उंबरवाडीला जाई आणि बहिणीच्या खाचरात औत धरी. दुपारी ती येई. फडक्यात बांधलेली भाकरी आणि कालवण बांधावर ठेवी, त्याच्याकडे न बघता परत फिरे. ती दिसेनाशी झाली की तो जेवायला बसे, फडकं धुऊन बांधावर वाळत टाकी. एकदा मी तिथून जात होतो. वाडीतल्या एका म्हातारीनं गोजराबाईला माझ्यासमोरच टोकलं, की भाऊ एवढा राबतोय, किती दिवस धरून बसणार. गोजराबाईनं हातातली रोपांची मूठ बाजूला ठेवली, पाठ सरळ केली आणि पुन्हा वाकून लावायला लागली.

त्याच सुमारास खोऱ्यात ट्रान्झिस्टर यायला लागले. कोणाचा मुंबईला गिरणीत असलेला मुलगा आणी, कोणी पुण्याहून घेई. हातात धरून फिरायचा रेडिओ. त्याला खांब नको, तार नको. आमचे सरकारी पेटारे एकेक करून बंद पडले आणि दुरुस्तीला माणूस येईनासा झाला. अडुसष्टमध्ये मी कुशाबाला सांगितलं की उरलेले खांब उतरवायचे आहेत. तो कामाला लागला. लावताना जेवढी काळजी घ्यायचा तेवढीच उतरवताना घेतली. आधी भोवती चक्कर मारून वर बघायचं, मग दोर बांधायचे, मग बुंधा सैल करायचा. चांगले बांबू लोकांनी गोठ्यांना वापरले. तांब्याच्या तारांची वेटोळी त्यानं कचेरीत आणून दिली, पांढऱ्या अंड्यांसकट, मोजून. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा थकलेला दिसला. डोळे पिवळट वाटले, पण माझ्या बदलीचं चाललं होतं, मी फारसं मनावर घेतलं नाही.

एकोणसत्तरच्या भाद्रपदात तो अंथरुणाला खिळला. काविळीनं पोट फुगलं होतं. मी पुण्याच्या दवाखान्यात न्यायची खटपट केली. डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि घरी न्या म्हणाले. भावकीतली माणसं आळीपाळीनं येऊन बसत. मी उंबरवाडीला जाऊन गोजराबाईला सांगितलं. ती जनावरांना पाणी दाखवत होती. दावं हातात तसंच धरून तिनं ऐकून घेतलं. मग पुन्हा जनावरांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक बोचकं घेऊन त्याच्या दारात आली. आत जाऊन चूल पेटवली, त्याचं अंग ओल्या फडक्यानं पुसलं, त्याच्या खालची वाकळ बदलली. नऊ दिवस ती तिथं होती. पेज करी, मुळ्या उगाळून देई, त्याला कुशीवर वळवी. मी रोज संध्याकाळी डोकावत असे. ती त्याच्याशी बोलत नसे. हवं-नको ते विचारी, तेवढंच. एकदा ती बाहेर भांडी घासत होती तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, गोजराबाई, राग गेला म्हणायचा.

"न्हाई गेला," ती म्हणाली. "पर भाऊ मरतोय."

दहाव्या दिवशी दुपारी तो गेला. मी नव्हतो, कचेरीत माझ्या जागी आलेल्या माणसाला काम समजावून देत होतो.

तेराव्यापर्यंत ती राहिली. चौदाव्या दिवशी तिनं घर झाडून काढलं, चुलीतली राख भरून बाहेर टाकली, दाराला कुलूप लावून किल्ली चुलतभावाच्या हाती दिली. मी तिला एसटीवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. आम्ही रस्त्याकडेला दगडावर बसलो होतो. भातं पोटरीत आली होती आणि वारा नव्हता. मी तिला विचारलं, शेवटी काही बोलणं झालं का.

तिनं बोचकं मांडीवर ओढून घेतलं.

"त्याला बोलवत नव्हतं. नुसता बघत हुता माझ्याकडं, सकाळधरनं. काय इचारतोय ते मला कळत हुतं." तिनं बोचक्याची गाठ आवळली. "माझ्याच्यानं बोलवंना. मी पाणी पाजलं."

गाडी आली. मागच्या दारानं ती चढली आणि खिडकीशी जागा असूनही आतल्या बाजूला बसली. पुढच्या आठवड्यात मी मुळशी सोडली. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही.